ऑर्विल टॅकेटचा घसा

रविवारी सकाळी ऑर्विल टॅकेट गळ्याभोवती मफलर गुंडाळून स्वयंपाकघरात आला आणि घशाला हात लावून खुणेनेच सांगू लागला, बोलता येत नाही.

त्याची बायको नेल अंडी परतत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"बिल, कॉफी घेणार का?" तिने विचारलं.

ऑर्विल खुर्चीत बसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

आदल्या दिवशी आमचं कॉलेज अमेरिकन फुटबॉलमध्ये पुन्हा हरलं होतं. सलग पाचवा सामना, तोही तीन गुणांनी. शेवटची दोन मिनिटं, फक्त एक यार्ड पुढं सरकलं की सामना खिशात, आणि आक्रमण सांभाळणारा कोच रसेल मेबरी याने पुन्हा त्याच पोराच्या हातात चेंडू देऊन त्याला समोरच्या गर्दीत घुसवलं. तीनदा अडला होता, चौथ्यांदाही अडला. समोरच्या संघाचं सोडा, आमच्या गावातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक होतं की हा मधूनच जाणार. चेंडू लांब फेकणारा एवढा धिप्पाड पोरगा काय शोभेला ठेवलाय, असं आम्ही सगळेच विचारत होतो. ऑर्विलने मात्र गॅरेजमध्ये जाऊन सामन्यानंतरच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन लावला. "पाइन रिजहून बिल बोलतोय," म्हणाला. मग त्याने त्या आक्रमणाची सालटी काढली, तिथवर ठीकच होतं. पण रेडिओवाला हसतोय म्हटल्यावर गड्याला चेव आला.

"गुरुवारी ह्याने बापाला पुरलं," तो म्हणाला, "डावांची वहीपण त्याच खड्ड्यात टाकून आलाय वाटतं. वहीबरोबर डोकंही."

आता नाव बदललं म्हणून काय झालं? बावीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये बायबलमधला उतारा ऑर्विलच वाचतो. लग्न असो की मयत, वाचायला तोच. अख्खं गाव त्याच्या आवाजामागून आमेन म्हणत आलंय. आणि गुरुवारी त्या म्हाताऱ्या मेबरीच्या कबरीपाशीही त्यानेच वाचलं होतं.

"आज चर्चला नको जायला," ऑर्विल म्हणाला. घसा बसलाय हे विसरूनच गेला.

"मी जाणार," नेल म्हणाली. "मी कुठं फोन केला होता?"

चर्चच्या दारातच त्याने पाद्रीला गाठलं, घसा दाखवला, आज दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा असं कुजबुजला. पाद्रीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "बघतो" म्हणून तो आत गेला. एवढ्यात रसेल मेबरी आईला, ओलीनबाईंना, हाताला धरून पायऱ्या चढून आला. हंगामात रविवारी कोच मंडळी कालच्या सामन्याचं चित्रीकरण बघत बसतात; रसेलला या दिवसांत चर्चमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. आईला एकटं सोडवेना म्हणून आला असणार.

"अरे ऑर्विल," म्हाताऱ्या ओलीनबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "आज वाचतोयस ना? गुरुवारी तू वाचत होतास तेवढा वेळ मला वाटलं, हे काही फार लांब गेलेले नाहीत. त्या रात्री झोप लागली बघ मला. हे गेल्यापासून पहिल्यांदा."

ऑर्विलने घशाकडे बोट केलं. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"अगं बाई," म्हणत ओलीनबाईंनी पर्स उघडली, पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोलला आणि लहान मुलाच्या घालावी तशी त्याच्या तोंडात घातली. "चघळ. आत्ता मोकळा होईल."

त्या आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. रसेल मागे थांबला. त्याने दाढी केलेली नव्हती आणि डोळे तांबारलेले होते. ऑर्विलची कानशिलं तापली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. माफी तर मागायला हवी, पण तोंड उघडलं की तोच आवाज बाहेर पडणार.

"रसेल, काल मी..."

"खेळाबद्दल बोललात ते बरोबर होतं," रसेल म्हणाला. "तिथं चेंडू फेकायलाच हवा होता."

ऑर्विलला वाटलं, ह्याने एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"आईने रेडिओ ऐकलेला नाही," रसेल म्हणाला. "मी ऐकला. तुम्ही वाचा, मिस्टर टॅकेट."

आणि तो आईशेजारी जाऊन बसला.

पाद्रीने खूण केली तसा ऑर्विल पुढं गेला आणि त्याने पुस्तक उघडलं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला. त्याने पहिली ओळ वाचली आणि आम्ही माना खाली घातल्या. मेबरींचं सोडलं तर काल तो विनोद ऐकून हसलं नाही असं घर गावात एकही नव्हतं. नेलसुद्धा हातमोज्यांकडे बघत बसली होती. मान वर करून ऐकत होत्या त्या फक्त ओलीनबाई.