बाहेरची शिवण

साप म्हटलं की आईच्या अंगावर काटा येतो. तरीही डोंगरातल्या माझ्या साप-अभ्यासाच्या मोहिमेसाठी साप ठेवायच्या कापडी पिशव्या तिनेच शिवल्या, "फोटो मात्र दाखवायचा नाही" या अटीवर. आज ओल्या पाचोळ्यात करंगळीएवढं सापाचं पिल्लू सापडलं. मी पिशवी उघडताच आमचे सर हसले. "अगं, ही उलटी शिवलीय! शिवण बाहेर?" मग त्यांनी पिशवीच्या आतून बोट फिरवून पाहिलं. गेल्या खेपेला विकतच्या पिशवीत शिवणीच्या सुट्या दोऱ्यांत गुरफटून असंच एक पिल्लू दगावलं होतं. जीपमध्ये बसताच मी आईला फोन लावला. "शिवण बाहेर का ठेवलीस गं?" "तुझ्या झबल्यांची ठेवायचे तशीच," ती म्हणाली. "कोवळ्या अंगाला टोचते. आता जेवायला बसलेय मी, त्याचं नाव काढू नकोस." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मांडीवरची पिशवी मी हलकेच थोपटत होते.