दुसरा ठिपका

घरी खेळायच्या अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेमांपैकी एकाचं परीक्षण तिला मासिकासाठी लिहायचं होतं. टीव्हीवर एक पांढरा ठिपका गुहांमधून फिरवायचा आणि हरवलेला दिवा शोधायचा, एवढाच तो खेळ. चित्रं ओबडधोबड आहेत, आवाज कानाला टोचतो, पण वाट चुकल्याची भीती खरी वाटते, असं तिचं मत झालं होतं.

ती खेळत असताना शेजारी मटार सोलत बसलेल्या ताईने विचारलं, "तुझ्या मागेमागे येतोय तो कोण गं?"

तेव्हा तिला टीव्हीवर, गुहेच्या मागच्या दारात दुसरा ठिपका दिसला. ती पुढच्या गुहेत गेली. तोही आला आणि दारातच थांबला.

तिने खेळ बनवणाऱ्या म्हाताऱ्या प्रोग्रामरला फोन लावला.

"दुसरा ठिपका?" ते हसले. "अहो, त्या मशीनची मेमरी एवढीशी! एकच बसवताना माझ्या नाकी नऊ आले होते."

"पण काका, तो समोर दिसतोय."

"मग जवळ जाऊन बघा की!"

तिने जॉयस्टिक दाराकडे ढकलली. पांढरा ठिपका जागचा हलला नाही. दारातला मात्र बाहेरच्या बाजूला सरकला. तिने जॉयस्टिक उलट ओढली, तर तोच परत दारात आला.

"अगं," ताई म्हणाली, "मग मघापासून आपण फिरवत कोणाला होतो?"

तिने जॉयस्टिक खाली ठेवली. त्या गुहेला दुसरं दार नव्हतं. पांढरा ठिपका आपला आपणच हलला आणि दारापासून लांबच्या भिंतीवर धडका देऊ लागला.