दाण्याची जागा

माणसाच्या हालचालींचा तोल मेंदूत खोल दडलेल्या मसुराएवढ्या एका दाण्यावर अवलंबून असतो. एमआरआयच्या तंत्रज्ञाचा तोल मात्र त्याच दाण्यापायी सकाळपासून तीनदा गेला होता.

म्हाताऱ्या शिंप्याच्या हाताचा कंप थांबवायला सर्जन उद्या त्या दाण्यात तार घालणार होते, आणि दाणा दर स्कॅनमध्ये आधीपेक्षा डावीकडे सरकलेला दिसत होता.

"काका, पुन्हा हललात!"

"हात हलतो हो माझा. डोकं तुम्हीच जखडून ठेवलंय ना? माप नीट घ्या, बाबा. कापड वाया गेलं तर दुसरं आणता येतं."

चौथ्या स्कॅनमध्ये दाणा कवटीच्या कडेला टेकला होता. पाचव्यात तो दिसलाच नाही.

मशीनच बिघडलंय, असं चरफडत तंत्रज्ञाने काकांना बाहेर बसवलं आणि रिकामं टेबल आत सरकवून स्कॅन घेतला.

काळ्याभोर पडद्यावर मधोमध दाणा उमटला. कडा इतक्या रेखीव, की त्याने सवयीने मापही घेतलं. सहा मिलिमीटर.

तेवढ्यात सर्जनचा फोन आला. "सापडलं का एकदाचं?"

"सापडलं. अगदी स्पष्ट."

"पेशंट हलला नाही ना?"

"नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "ते बाहेर बसलेत."