पायाखालचं बंदर

क्रूझची बोट संध्याकाळपर्यंत बंदरात थांबणार होती. आठवणीच्या वस्तू घ्यायला सगळे खाली उतरले. "बाबा, तीस वर्षं जहाजावर काढलीत. हे बंदर तर तुमच्या पायाखालचं. तुम्हीच बाजार दाखवा," लेक म्हणाली.

तिसऱ्यांदा त्याच चौकात येऊन पोहोचल्यावर आईचे पाय बोलायला लागले. "अहो, घरातली शोकेस अशाच बाजारांतून भरलीत ना?"

बाबा ओशाळले. "बंदर लागलं की आमचं इंजिन उघडायचं काम सुरू व्हायचं. मी कधी उतरलोच नाही. खरेदी आमचा स्वयंपाकी करून आणायचा."

आईने खांद्यावरची शाल चाचपली. दर खेपेला तिच्यासाठी निळंच काहीतरी आलं होतं.

"मग माझा आवडता रंग त्याला कसा कळला?"

"अख्ख्या जहाजाला ठाऊक होता."