मागे पडणारा ठेका

“हे विंडोजच आहे असं सांगितलंय त्याला. आता विश्वास बसला तर ठीक,” खटपट्या म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलून बसला.

पडद्यावर ताईचं संगीताचं सॉफ्टवेअर उघडत होतं. म्हणजे, उघडू की नको अशा विचारात होतं. ते चालायचं फक्त विंडोजवर आणि धाकट्या भावाच्या या कॉम्प्युटरवर होतं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरीच प्रणाली. ताईच्या जुन्या कॉम्प्युटरनं गेल्या आठवड्यात मान टाकली, तेव्हा भावानं आपला उचलून आणला आणि मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवला. सॉफ्टवेअरनं काहीही विचारलं की तो विंडोजच्या थाटात उत्तर देणार. ताईच्या वाजवायच्या कीबोर्डची तार ज्याला जोडायची तो आवाजाचा डबा तर त्याहून हट्टी. तो बनवणाऱ्यांनी लिनक्सचा विचारच केला नव्हता. पण भावाला घरात खटपट्या म्हणतात ते उगीच नाही.

बाबा बाजूच्या स्टुलावर बसून सगळं बघत होते. एवढं शहाणं सॉफ्टवेअर, त्याला आपण फसलोय हे कळत कसं नाही, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. कळलं तरी त्याचं काय बिघडतंय, काम तर मिळतंय ना, असं खटपट्यानं त्यांना समजावलं. बाबांना ते पटलं.

खरं तर बाबांनी यात इतका रस घ्यावा असं काही नव्हतं. हा सगळा घाट त्यांच्याच जागी मशीन बसवायचा होता. लेकीचा कॉम्प्युटरला जोडलेला कीबोर्ड आणि बापाचा ड्रम, असे दोघं वर्षानुवर्षं कार्यक्रम करत आलेले. यंदाच्या हॉलमध्ये खराखुरा पियानो होता. तालीम त्याच्यावर सुरू झाली आणि ठेका मागे पडायला लागला. एकदा पडला, दोनदा पडला, शेवटी ताईनं तोंड उघडलं. बाबा, तुमचा हात मंदावलाय, म्हणाली. बाबांनी वाद घातला नाही. वयच झालं आता, असं म्हणून काठ्या पिशवीत घातल्या. ताई त्या दिवशी घरी येऊन रडली. पण कार्यक्रम शनिवारवर आलेला, आणि तिथे आता मशीनचा ठेका वाजणार होता.

डब्यावरचा दिवा लागला. खटपट्यानं टाळी वाजवली. ताईनं एक पट्टी दाबली आणि पियानोचा सूर खणखणीत उमटला. बाबाही उठून जवळ आले.

मग तिनं मशीनचा ठेका लावला आणि वाजवायला सुरुवात केली. थोडं वाजवलं, थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, पुन्हा थांबली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“ठेका मागे पडतोय,” ती म्हणाली.

खटपट्याचा चेहरा उतरला. त्यानं दुभाष्या तपासला, डबा तपासला, तारा काढून पुन्हा लावल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग तो ताईकडे वळला आणि जरा चाचरत बोलला.

“मशीनचा ठेका आहे ताई. तो कशाला मागे पडेल?”

बाबांनी आपल्या हातांकडे एकदा पाहिलं.

खटपट्याला आता चैन पडेना. त्यानं ताईला ठेक्याबरोबर नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी अगदी ठेक्यावर पडत होती, सूतभरही इकडे तिकडे नाही. तेच बोट पट्टीवर आलं की मात्र ठेक्याच्या आधीच पोचायचं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जुना कॉम्प्युटर दमलेला होता. पट्टी दाबल्यावर सूर द्यायला तो किंचित वेळ घ्यायचा. तो किंचित वेळ भरून काढायला ताईची बोटं आधी निघायला शिकली, तिलाही न विचारता. घड्याळ मागे पडतं म्हणून माणूस घरातून लवकर निघायला लागतो, तसं. आता सूर लगेच उमटत होता, बोटं मात्र जुन्या सवयीनं पळत होती.

“आणि पियानोवर?” ताईनं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं.

“पियानो तर लगेच बोलतो,” खटपट्या हळूच म्हणाला. मग घाईघाईनं पुढे म्हणाला, हवा तर इथे तसाच उशीर मुद्दाम टाकून देतो, एक आकडा बदलायचा फक्त, सगळं पहिल्यासारखं वाटेल.

“नको,” ताई म्हणाली. तिनं मशीनचा ठेका बंद केला. तिचे डोळे भरून आले होते आणि बाबांकडे बघायची तिला लाज वाटत होती. “बाबा, तुम्ही बरोबर होता. मीच पळत होते. मला ठेका द्याल?”

बाबांनी स्टूल पुढे ओढलं, पण त्यावर बसले नाहीत. समोर जमिनीवर मांडी घातली आणि स्टुलावरच थाप मारायला लागले. हात जड नव्हता, हलका नव्हता, नेहमीचा होता.

ताई वाजवू लागली. पुन्हा आधी पोचायची तिला इतकी धास्ती, की प्रत्येक थाप ऐकल्यावरच बोट खाली यायला लागलं. त्यामुळे आता तीच मागे पडत होती.

बाबांनी हात थांबवला नाही.

“माझी वाट बघू नकोस,” ते म्हणाले. “तू तुझ्या वेळेला ये. मी असेन तिथे.”