चाकाची आतली बाजू

मेकॅनिकने चाक काढून पालथं केलं. माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. दर रविवारी तो ज्याला पॉलिश लावायचा, तो बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतल्या कडेला तारा उघड्या पडेपर्यंत झिजला होता. याच एसयूव्हीतून मी रोज मुलांना शाळेत सोडत होते. “चाक खड्ड्यात आपटून त्याचा सांधा वाकलाय. गाडी डावीकडे ओढत असणार,” मेकॅनिक म्हणाला. मी तेच सांगायचे, तर हा मुलांसमोर हसायचा, “तुला स्टिअरिंगच धरता येत नाही!” मी ते उजवीकडे दाबून धरायला शिकले. सांधा, टायर बदलले. चाकं सरळ झाली. मुलांना मागे बसवून मी गाडी काढली, सवयीने स्टिअरिंग दाबून धरलं आणि ती दुभाजकाकडे वळली. “अगं!” नवरा किंचाळला. मी हात सैल सोडताच गाडी सरळ झाली. मागून मुलं खिदळली, “आईला स्टिअरिंगच धरता येत नाही!”