दुसरी सिस्टिम

निवृत्त ग्रंथपाल काकांच्या कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या; चालू करताना हवी ती निवडायची. एक काकूंसाठी, दुसरी फक्त काकांची. त्या दुसरीत त्यांनी आपल्या कविता लपवल्या होत्या.

एके सकाळी डिस्कवरच्या फायलींची यादीच बिघडली, एकही फाईल दिसेना आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीवाली आली, तेव्हा ते तिच्या कानाशी कुजबुजले, "चाळीस कविता आहेत. पण हिला पत्ता लागू देऊ नकोस."

तिने एका सिस्टिममधून डिस्क तपासली, मग दुसरीतून. दोन तास खपल्यावर हळूच म्हणाली, "काका, सगळ्या मिळाल्या! पण प्रत्येकीच्या दोन प्रती आहेत. कुठली ठेवू?"

"दोन? मी तर एकेकच लिहिली होती!"


आतून काकूंचा आवाज आला, "नवी ठेव गं, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत मी."